उसने रांजण

साउ पाणनारळीच्या पानांची झापं विणायचा आणि टिनाच्या पत्र्यांना शिव्या द्यायचा. ही दोन्ही कामं तो गेली वीस वर्षं सारख्याच निष्ठेनं करत आला होता. राच दुआच्या कालव्यावर जेवढी म्हणून शाकारलेली घरं होती ती साउच्या हातची होती, आणि ज्यानं कुणी झापं उतरवून पत्रे घातले त्याच्याशी साउ निदान एक पावसाळाभर बोलत नसे.

"पत्र्याखाली माणूस राहत नाही, भाजतो," असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. "आणि वर पाऊस बडवायला लागला की बायको काय बोलतेय ते ऐकू येत नाही."

"मग तर मी उद्याच पत्रे घालतो," शेजारचा ताम म्हणाला होता, आणि खरोखरच त्यानं दुसऱ्या महिन्यात घातले. त्या वर्षी साउ तामशी बोलला नाही.

झापांचं घर थंड असतं, हे साउचं म्हणणं खरंच होतं. अडचण एवढीच, की झापांवरून गळणारं पाणी पिता येत नाही. ते तांबूस उतरतं आणि कुजक्या पानांचा वास मारतं. राच दुआला समुद्र हाकेच्या अंतरावर. पावसाळा सरला की कालव्यात खारं पाणी वर चढतं, वरच्या अंगाच्या शेतांतलं फवारणीचं औषध खाली उतरतं, आणि मधल्या मध्ये बदकं, डुकरं आणि माणसं आपापली भर घालतात ती वेगळीच. विहीर खणली तर तीही खारी. म्हणून वर्षाचं पिण्याचं पाणी आभाळातून पडायचं, पत्र्यावरून पन्हळीत यायचं, पन्हळीतून अंगणातल्या सिमेंटच्या रांजणात बसायचं आणि तिथून सरळ करवंटीनं माणसाच्या तोंडात जायचं. ते उकळायचं कुणाच्या मनातही येत नसे. रांजणातलं पाणी म्हणजे देवघरातल्या दिव्याइतकं चोख समजलं जाई.

साउच्या घरी असा रांजण होता एक. तोही बायकोच्या हिकमतीचा. एका वर्षी साउ पलीकडच्या गावी झापं घालायला गेला असताना लायनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, स्वयंपाकघराच्या पडवीवर चार पत्रे ठोकून घेतले आणि खाली रांजण मांडला. साउ परत आला, त्यानं वर पाहिलं, आणि तो पावसाळा तो पडवीत जेवायला बसला नाही. पाणी मात्र त्या रांजणातलंच प्यायला.

एक रांजण कितीसा पुरणार? नवं वर्ष उलटलं की तो तळाला जायचा. मग त्यांची मुलगी लुआ होडीत डबे घालून दोन वळणं पलीकडच्या मठात जायची. मठाच्या कौलांवरचं पाणी साठवायला तिथं मोठं टाकं होतं. ती डबे भरायची, वल्हवत परत यायची, आणि हातांना आलेले फोड आईला दाखवायची. बापाला दाखवत नसे, कारण त्याच्याकडे झापांचं कौतुक ऐकावं लागे.

त्या टाक्यापाशीच थुआन होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला बसे. पहिल्यांदा त्यानं लुआचा एक डबा उचलून दिला, मग दोन, आणि मग सगळेच. पुढचं सगळं नीट झालं आणि थुआननं घरी सांगितलं, की मला राच दुआची लुआ करायची आहे. म्हणजे बघा, साउनं पत्रे घातले असते तर ही सोयरीक जुळलीच नसती. हा मुद्दा साउनं पुढं पुष्कळ वेळा मांडला. त्याबद्दल कुणी त्याचे आभार मानले नाहीत.

थुआनला आईबाप नव्हते. त्याला वाढवलं मुओइ आजीनं, आणि मोठ्या नदीतल्या बेटावर मुओइ आजीचा शब्द खाली पडत नसे. आजी मुलगी बघायला येणार असा निरोप आला तेव्हा साउनं चार माणसं बसतील अशी नवी चटई विणायला घेतली, बदक कुठलं कापायचं ते ठरवलं आणि खुशीत तांदळाची दारू एक पेला चढवली. तेवढ्यात ताम कुंपणावरून वाकून म्हणाला, "साउ, तुला ठाऊक आहे ना? ती म्हातारी मुलगी बघत नाही. रांजण बघते."

"काय बघते?"

"रांजण. अंगणात फिरते, एकेक मोजते, बोटानं टकटक करते. भरलेला आहे की रिकामा ते आवाजावरून ओळखते. थोरल्या नातवाच्या वेळी एक सोयरीक तिनं अंगणातूनच मोडली. पाणीसुद्धा नाही प्यायली."

हे साउलाही ऐकून ठाऊक होतं, फक्त आपल्या अंगणाबद्दल त्यानं तसा विचार केला नव्हता. त्या भागात सगळ्याच म्हाताऱ्यांचं मत, की कोरड्या घरची मुलगी करू नये. ती सासरच्या रांजणातलं पाणी जन्मभर माहेरी वाहते.

साउनं अंगणाकडे पाहिलं. एक रांजण. त्यात वीतभर पाणी आणि डासांच्या अळ्या खायला सोडलेले लायचे दोन मासे.

दारू क्षणात उतरली.

"ताम," तो म्हणाला, आणि आवाजात कधी नव्हे ती गोडी आली, "तुझे रिकामे झालेले रांजण किती आहेत रे?"

तामकडे चार रिकामे निघाले, पलीकडच्या चिनकडे दोन. चिननं बदकांच्या खुराड्यावर फुकट झापं घालून घ्यायच्या बोलीवर दिले. ताम मात्र अडून बसला. त्याच्या चारांतला थोरला रांजण माणूस उभा मावेल एवढा होता, आणि तामला मुलाबाळांपेक्षा त्याचं कौतुक जास्त होतं.

"रिकामा नेशील आणि रिकामाच आणून देशील," ताम म्हणाला. "माझ्या रांजणात आजवर आभाळाशिवाय दुसरं काही गेलेलं नाही. पूर्वजांची शपथ घे."

साउनं शपथ घेतली. रांजण होडीतून आले, अंगणात लाकडी फळ्यांवरून गडगडत उतरले, आणि उतरत्या उंचीनं एका रांगेत उभे राहिले. लायचा धरून सात. साउनं प्रत्येकाला धुतलेलं झाकण घातलं आणि प्रत्येकावर नव्या दांड्याची करवंटी टांगली. दोन पावलं मागं सरकून त्यानं बघितलं आणि त्याचं त्यालाच श्रीमंत वाटायला लागलं.

लाय केव्हापासून दारात उभी होती.

"अहो, लुआचे बाबा," ती म्हणाली, "उद्या ते विचारतील, एवढे रांजण आणि मुलगी मठातून पाणी का आणते? तेव्हा काय सांगाल?"

"मठाचं पाणी पवित्र असतं."

लुआ भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "बाबा, खरं सांगून टाकू या ना. थुआनला सगळं माहीत आहे."

"थुआनला माहीत असून काय उपयोग? लग्न आजीशी आहे."

लुआनं भाजीची टोपली उचलली आणि आत गेली. साउला तिचा चेहरा दिसला. या पोरीनं त्याच्याजवळ आजवर काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. आता तिला एक माणूस हवा होता, आणि तो बापाच्या अंगणावरून हातचा जायची वेळ आली होती. साउ खोटारडा नव्हता. पण त्या संध्याकाळी कुणी त्याला आणखी दहा रांजण दिले असते तर त्यानं तेही मांडले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाय आणि लुआ बाजाराला गेल्या. पाहुणे दुपारी यायचे होते. साउ रांगेसमोरून ऐटीत चालला आणि सहज म्हणून त्यानं तामच्या थोरल्या रांजणावर बोटानं टकटक केली.

टण्ण.

आवाज सगळ्या अंगणात घुमला. साउनं पुढच्यावर केली. तोही टण्ण. सहाच्या सहा रांजण देवळातल्या घंटांसारखे वाजले, आणि लायचा एकटा बिचारा निम्म्या आवाजात बोलला.

आता या वेळी सहा रांजण पावसाचं पाणी साउ कुठून आणणार होता? गावात कुणाकडे तेवढं उरलेलं नव्हतं, आणि असतं तरी या दिवसांत ते कुणी दिलं नसतं. पण कालवा तर भरून वाहत होता. आवाजाला काय, खारं पाणीही तसंच बोलतं. झाकण लावलेलं. चहा लायच्याच रांजणातला होणार. संध्याकाळी उपसून टाकायचं, घासून ठेवायचं, म्हणजे झालं. शपथेची त्याला आठवण झाली, नाही असं नाही. पण शपथ घेतली तेव्हा टण्ण ऐकलेलं नव्हतं, असं त्यानं मनातल्या मनात पूर्वजांना समजावलं.

त्यानं होडीच्या इंजिनावरच्या पंपाला नळी जोडली आणि लाय परत यायच्या आत सहाही रांजण काठोकाठ भरले. मग पुन्हा टकटक केली. ढब. ढब. ढब. साउला इतकं बरं वाटलं की तो गुणगुणायला लागला. लायनं आल्यावर विचारलं, अंगण ओलं का? साउ म्हणाला, सडा घातला.

दुपारी होडी वळणावर दिसली. पुढं मुओइ आजी बसली होती. लहानखुरी, ताठ, जांभळा रेशमी सदरा, तोंडात विडा. मागं सुकाणूवर थुआन, आणि त्याच्या अंगात इतका पांढरा शर्ट, की त्याला कुठं टेकायची भीती वाटत असावी. आजीनं अंगणाकडे पाहण्याआधी मान वर केली आणि छपराकडे पाहिलं. चांगलं बराच वेळ पाहिलं.

"झापं छान शाकारली आहेत," ती काठावर उतरता उतरता म्हणाली.

साउ फुलला. "सगळं घर माझ्या हातचं आहे, आजी. एक पत्रा नाही. फक्त ती पडवी सोडली तर."

"हं," आजी म्हणाली.

लायच्या हातातलं पानाचं तबक वाकडं झालं. तिला त्या एका 'हं'मध्ये सगळं ऐकू आलं होतं. साउला काहीच ऐकू आलं नाही. तो आजीला घेऊन रांजणांच्या रांगेकडे निघालासुद्धा.

आजीनं मोजले. सात. तिनं टकटक केली. ढब, ढब, ढब.

"सगळे भरलेले?"

"काठोकाठ, आजी."

"यंदाच्या पावसाचं?"

"गेल्या वर्षीचंही थोडं असेल त्यात," साउ म्हणाला. एकदा सुटलेला माणूस कुठं थांबतो?

"देवाची कृपाच म्हणायची," आजी म्हणाली. तिनं पुन्हा एकदा छपराकडे पाहिलं आणि विडा दुसऱ्या गालात सरकवला.

लाय घाईनं पुढं आली. "आजी, आत चला, चहा ठेवलाय."

"चहा नंतर गं. उन्हातून आलेय, घसा सुकलाय. आधी पाणी पिऊ दे."

आणि कुणी काही बोलायच्या आत तिनं तामच्या थोरल्या रांजणाचं झाकण सरकवलं, वरची करवंटी काढली, बुडवली आणि भरून तोंडाकडे नेली.

साउच्या डोळ्यांसमोर त्या क्षणात बरंच काही येऊन गेलं. आजीला घोट खारट लागेल आणि ती थुंकेल, की म्हातारीची जीभ विड्यानं मेलेली असेल आणि ती गटागटा पिऊन टाकेल? प्यायली तर सोयरीक झाली. अवघी एक करवंटी. मग त्याला सकाळी नळीच्या तोंडाशी तरंगत आलेला फेस आठवला. त्याला चिनचं मेलेलं बदक आठवलं, जे परवाच त्या वळणावर अडकलं होतं.

त्यानं हात उगारला आणि मुओइ आजीच्या हातावर फाडकन मारला.

करवंटी उडाली. निम्मं पाणी जांभळ्या रेशमावर आणि निम्मं थुआनच्या शर्टावर. पाहुण्या म्हातारीला, मागणी घालायला आलेल्या आजीला, बापानं अंगणात मारलं होतं. लुआ दारात उभी होती, तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

आजीनं आपल्या हाताकडे पाहिलं, मग साउकडे. "ही राच दुआची रीत आहे का?"

"पिऊ नका," साउ म्हणाला. "कालव्याचं आहे ते. मीच भरलं सकाळी. हा रांजणही माझा नाही, तामचा आहे. ते तीन पण त्याचे, ते दोन चिनचे. माझा तो शेवटचा छोटा, तोही बायकोनं केलेला. त्यात वीतभर पाणी आहे. तेवढंच आहे आमच्याकडे. पोरीला बोल लावू नका. ती खरं सांगू या म्हणत होती."

एवढं बोलून तो खाली बसला.

आजीनं सदऱ्यावरचं पाणी झटकलं. "उसने आहेत हे मला होडीतूनच कळलं," ती म्हणाली. "झापांचं छप्पर, पन्हळ कुठं नाही, आणि खाली सात रांजण. पाऊस काय नेम धरून रांजणांच्या तोंडात पडला होता? मला वाटलं, रांजणाबरोबर शेजाऱ्याचं पाणीही उसनं आणलं असेल. म्हणून तर प्यायला निघाले." आणि एकदम तिचा आवाज चढला. "अरे पण पिण्याच्या रांजणात कालवा? हे कुठल्या माणसाच्या डोक्यात येतं?"

"कालवा?" कुंपणापलीकडून कुणीतरी म्हणालं.

ताम होता. पाहुणे येणार म्हणून तोही ठेवणीतला सदरा घालून आपला रांजण मिरवताना बघायला तिथं दडून बसला होता. तो कुंपण मोडूनच आत आला.

"माझ्या रांजणात? कालवा? साउ, तू शपथ घेतली होतीस."

"रिकामा परत देईन अशी," साउ खालूनच म्हणाला. "तो देणारच होतो."

"नको मला. ठेव तुझ्याकडेच. बाटला तो." तामच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं.

"कुठं बाटला? रांजण घासला की स्वच्छ होतो," आजी म्हणाली. "रडतोस काय? घासायला नारळाची सोडणं आण. चुना आण. लुआ, थुआन, तुम्ही दोघं काय बघत बसलात? उपसायला घ्या."

आणि मागणी घालायच्या दिवशी, बदक चुलीवर असताना, सगळी मंडळी रांजण उपसायला लागली. आजी उलट्या बादलीवर बसून हुकूम सोडत होती. पाणी कालव्यात परत गेलं, आणि थोरल्याच्या तळाशी एक छोटा खेकडा निघाला. आजीनं तो साउच्या पुढ्यात ठेवला. थोरल्या रांजणात उतरून घासायला सडपातळ माणूस हवा होता. थुआननं आपल्या पांढऱ्या शर्टाकडे एकदा शेवटचं पाहिलं आणि तो आत उतरला. आतून त्याचा आवाज घुमत येत होता. लुआ वरून त्याला चुना देत होती आणि हसू दाबत होती. शेवटी ते दाबलं गेलं नाही, आणि आतूनही हसायचा आवाज आला, तो रांजणामुळे तिप्पट मोठा.

आजीनं ते ऐकलं. मग ती साउकडे वळली.

"कोरड्या घरची मुलगी काय करते म्हणतात, ठाऊक आहे ना?"

साउनं खाली पाहिलं. खेकडा त्याच्या पावलावर चढत होता.

"सासरचं पाणी माहेरी नेते म्हणतात. खरं आहे ते," आजी म्हणाली. "मी न्यायची. आई खारं पिते हे माहीत असताना माझ्या घशाखाली गोडं उतरायचं नाही. सासू रांजणाला काठी लावून पाणी मोजायची, आणि मी तरी न्यायची. सारं आयुष्य चोरासारखं काढलं. म्हणून बघत फिरते मी रांजण. मुलगी वाईट असते म्हणून नाही. तिला तसं जगायला लागू नये म्हणून."

रांजणातला घासायचा आवाज थांबला होता.

"खोटं बोलणारे बाप मी पुष्कळ पाहिले," आजी पुढं म्हणाली. "स्वतःचं खोटं उघडं पाडायला माझ्या हातावर मारणारा तू पहिलाच. हात अजून झोंबतोय. मुलगी आम्हाला पसंत आहे. पण साखरपुड्याला आम्ही रिवाजाचं भाजलेलं डुक्कर आणणार नाही. पत्रे आणू. पूर्ण छपराचे. आणि ते तू स्वतःच्या हातानं चढवायचे."

साउ ताडकन उठला. खेकडा पडला.

"पत्रे? या घरावर? आजी, वीस वर्षं मी या कालव्यावर... लोक काय म्हणतील? पत्र्याखाली माणूस भाजतो."

"भाजतो खरा," आजी म्हणाली. "मी भाजतेच आहे. पण तहानेनं मरत नाही."

"झापं नसती तर लुआ मठात पाण्याला गेली असती का? ही सोयरीक झापांमुळेच..."

"बाबा," लुआ म्हणाली.

ती रांजणापाशीच उभी होती. तिनं चुन्यानं पांढरे झालेले हात पुढं केले. चुना फोडांत गेला होता आणि तिला झोंबत असणार.

"मी गेले की मठात कोण जाणार?" तिनं विचारलं. "आई?"

साउनं ते हात पाहिले. ते तळवे त्यानं आजवर कधी नीट पाहिलेच नव्हते, कारण ती ते त्याच्यापुढं धरत नसे. झापांच्या पानांनी आपले हात फाटतात हे तो सगळ्या गावाला सांगत फिरायचा. त्याला फार लाज वाटली. तो पडवीत गेला, लायच्या चार पत्र्यांखाली उभा राहिला आणि बराच वेळ वर बघत राहिला.

"पन्हळ बांबूची घालायची की टिनाची?" त्यानं तिथूनच विचारलं.

"टिनाची," लाय, आजी आणि ताम एकदम म्हणाले.

साखरपुड्याला बेटावरून तीन होड्या आल्या. पान-सुपारी, चहा, दारू, केक, सगळं रिवाजाप्रमाणं लाल कापडाखाली. आणि मागच्या होडीत लाल कापडात गुंडाळलेले पत्रे. दोघं-दोघं ते डोक्यावर घेऊन वाजतगाजत अंगणात आले, वाटेत एक पत्रा नारळीला घासला आणि जो आवाज झाला त्यानं सगळी बदकं कालव्यात उडाली. साउनं पूर्वजांपुढं उदबत्ती लावली आणि त्यांना पत्र्यांबद्दल जरा हळू आवाजात सांगितलं.

मग तो वर चढला. स्वतःच्या हातची झापं स्वतःच्या हातानं सोडवताना त्यानं शिव्या दिल्या, पण कुणाला ते खालून कळलं नाही. मात्र ती झापं त्यानं फेकली नाहीत. पत्रे ठोकून झाल्यावर चांगली निघालेली सगळी झापं त्यानं आतल्या बाजूनं, पत्र्याखाली, नीट ताणून बांधली. वरून पाऊस पत्र्यावर, खाली माणसं झापांच्या गारव्यात. मुओइ आजी आत येऊन उभी राहिली, वर बघितलं, हातातला पंखा मिटला आणि म्हणाली, "हे बेटावर येऊन माझ्या घरात कधी करतोस?" आज साउ तिथल्या नऊ घरांत पत्र्याखाली झापं बांधून आला आहे, आणि ही युक्ती आपल्याला पहिल्यापासून सुचलेली होती असं सांगतो.

पावसाळा लागला. पहिल्या काही सरी आजीच्या हुकुमानं वाहून जाऊ दिल्या, छप्पर धुऊन निघेपर्यंत. त्या वेळी साउ पन्हळीचं तोंड धरून भिजत उभा होता आणि एवढं पाणी वाया जाताना बघून कळवळत होता. मग त्यानं तोंड रांजणाकडे वळवलं. तामनं थोरला रांजण परत नेला नव्हताच. तो बाटला यावर तो ठाम होता. त्याच्या बदल्यात साउ त्याच्या गोठ्यावर झापं घालणार होता, आणि गोठ्याला पत्रे लावणार नाही असं तामनं कबूल केलं होतं.

लग्न झालं. लुआ बेटावर गेली. पुढचं नवं वर्ष उलटलं, कालवा खारा झाला, आणि एके दुपारी न कळवता होडी वळणावर दिसली. पुढं मुओइ आजी, मागं लुआ आणि थुआन. होडीत पाण्याचा एकही डबा नव्हता. लायनं हे सगळ्यांत आधी पाहिलं आणि सदऱ्याच्या टोकाशी चाळा करत ती आत चहा ठेवायला गेली.

आजी सरळ रांजणांकडे गेली. आता तिथं चार होते, लायचा, तामचा थोरला आणि दोन नवे घेतलेले, आणि चारही साउचे. तिनं टकटक केली. ढब. तिनं थोरल्याचं झाकण सरकवलं, आत डोकावून मासे बघितले, करवंटी बुडवली आणि भरून तोंडाकडे नेली.

साउचा हात त्याच्या नकळत वर आला.

"खाली ठेव तो," आजी म्हणाली. तिनं त्याच्याकडे पाठ फिरवली, करवंटी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायली.